चार्जर लावला की लॉगिननंतर निळी स्क्रीन, बॅटरीवर असला की काहीच नाही: अंडरव्होल्ट केलेल्या लॅपटॉपचं सकाळचं दुखणं

हा प्रॉब्लेम मला जवळजवळ दीड महिना पुरला म्हणून जरा सविस्तर लिहितोय, ज्याला घाई असेल त्याने मधली रडकथा सोडून थेट टास्क शेड्युलरवाल्या भागावर जावं, पण माझं ऐकाल तर रडकथाही वाचा कारण तुमचीही साधारण तीच असणार आहे.

लक्षणं अशी. सकाळी लॅपटॉप सुरू केला, पासवर्ड टाकला, डेस्कटॉप दिसला, खाली कोपऱ्यातले आयकॉन एकेक करून यायला लागले आणि साधारण दहाव्या-बाराव्या सेकंदाला निळी स्क्रीन. कधी डब्ल्यूएचईए (विंडोजची हार्डवेअरच्या चुका नोंदवणारी यंत्रणा) अनकरेक्टेबल एरर, कधी क्लॉक वॉचडॉग टाइमआउट, एकदोनदा नुसताच गोठला, माऊस पण हलेना. रिस्टार्ट झाला की कधी नीट चालायचा कधी पुन्हा तेच. आणि हे रोज नाही हां, तीन दिवस व्यवस्थित, चौथ्या दिवशी सकाळी दोनदा, मग आठवडाभर काही नाही. रोज बिघडणारी वस्तू दुरुस्त करणं सोपं असतं, अधूनमधून बिघडणारी वस्तू माणसाला वेडं करते.

मशीन म्हणजे २०१८ सालचा गेमिंग लॅपटॉप, आत इंटेलचा आय-सेव्हन ८७५०एच, सहा कोअर बारा थ्रेड, कागदावर ४५ वॅटचा आणि टर्बोला, म्हणजे थोडा वेळ जोर लावला की, ४.१ गिगाहर्ट्झपर्यंत जाणारा. मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो, नागपुरात, आणि लग्नं नेमकी एप्रिल-मे मध्ये. खोलीत कूलर चालू असला तरी टेबलापाशी ३५-३६ असतंच, त्यात तासभराचा रेंडर लावला की प्रोसेसर ९७-९८ ला जाऊन बसायचा आणि स्पीड कापून घ्यायचा. पंखा उघडून साफ केला, प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट बदलली, त्याने चारपाच डिग्री कमी झाले. (अंडरव्होल्टच्या नादी लागायच्या आधी हे करा बरं का, पंख्यात बोटभर धूळ अडकलेली असताना व्होल्टेजशी खेळून काय होणार.) त्यानंतर अंडरव्होल्ट केलं, म्हणजे प्रोसेसरला मिळणारं व्होल्टेज थोडं कमी केलं, थ्रॉटलस्टॉप नावाचं सॉफ्टवेअर वापरून.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळीत. कंपनी प्रत्येक चिपला गरजेपेक्षा थोडं जास्त व्होल्टेज देऊन ठेवते, कारण लाखो चिपा निघतात आणि त्यातली सगळ्यात नाठाळ पण चालली पाहिजे. तुमची चिप नाठाळ नसेल तर ते वरचं व्होल्टेज नुसतं उष्णतेत जातं. वीज साधारण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात खर्च होते, म्हणजे त्याच स्पीडला १.१० व्होल्टऐवजी १.०० दिलं तर खर्च ०.८३ पटीवर येतो, जवळपास १७ टक्के कमी, स्पीड तोच. उन्हाळ्यात १७ टक्के म्हणजे चेष्टा नाही. मी कोअर आणि कॅश (प्रोसेसरच्या आतली छोटी मेमरी) दोन्हीला मायनस १२५ मिलिव्होल्ट दिलं, अर्धा तास स्ट्रेस टेस्ट चालवली, तापमान ८६ च्या वर गेलं नाही, मी खुश, बायकोला पण दाखवलं, तिने बरं म्हटलं.

आणि मग दोन आठवड्यांनी वर सांगितलेलं सुरू झालं.

आता इथे मी काय काय चुकीचं केलं ते. पहिला संशय रॅमवर, दोन्ही स्टिक काढून पुसून लावल्या, रात्रभर मेमरी टेस्ट चालवली, एक एरर नाही. मग ग्राफिक्सचा ड्रायव्हर काढून नवा टाकला. मग विंडोज रिसेट केलं, त्यात एक आख्खा रविवार आणि माझे सगळे प्लगिन गेले. मग दुकानात नेला. दुकानदाराने दोन दिवस ठेवून घेतला आणि फोनवर सांगितलं, "भाऊ, मदरबोर्ड गेला समजा, साडेचौदा हजार लागतील, नाहीतर असाच चालवा जोवर चालतो तोवर." मी विचारलं तुमच्याकडे किती वेळा बंद पडला, तर म्हणे एकदाही नाही पण आवाजावरून समजते. आवाजावरून! घरी आणला.

अंडरव्होल्टवर संशय कसा नाही आला असं कोणी विचारेल. आला ना, पण मीच तो झटकून टाकला, कारण अर्धा तास सगळे कोअर शंभर टक्क्यावर चालवून जो पडला नाही तो नुसता डेस्कटॉप उघडताना कसा पडेल? हा माझा तर्क होता आणि तो साफ उलटा होता, का ते खाली येतंच.

एक गोष्ट डोक्यात पक्की बसवायची ती ही, की अंडरव्होल्ट ही एकदा करून विसरायची सेटिंग नाही. तो आकडा प्रोसेसरच्या आतल्या एका रजिस्टरमध्ये लिहिला जातो आणि लॅपटॉप बंद झाला की पुसला जातो. दुसऱ्या दिवशी प्रोसेसर कोरा असतो. मग विंडोज उघडलं की थ्रॉटलस्टॉप किंवा जे काही सॉफ्टवेअर तुम्ही वापरता ते उठतं आणि तोच आकडा नव्याने लिहितं. रोज. त्यामुळे सुरू होतानाच्या तक्रारी तीन जातीच्या असतात आणि लोक त्यांची खिचडी करतात: एक तर आकडा लिहिला जातो आणि चिपला झेपत नाही, किंवा सॉफ्टवेअर उठतच नाही म्हणून आकडा लिहिलाच जात नाही, किंवा सॉफ्टवेअर उठतं, लिहितं, पण खाली कोणीतरी हात धरून ठेवलेला असतो. तिन्हीचं औषध वेगळं. माझ्याकडे पहिली आणि दुसरी एकमेकींच्या मागे लपून बसल्या होत्या, म्हणून दीड महिना गेला.

सुगावा लागला तो लाइट गेल्यामुळे. आमच्याकडे त्या आठवड्यात सकाळी सकाळी लाइट जात होती, आणि ज्या दिवशी लाइट नसताना मी लॅपटॉप उघडला त्या दिवशी तो एकदाही पडला नाही. सलग तीन दिवस. चौथ्या दिवशी लाइट होती, चार्जर लावलेला, आणि धाड. चहाचा कप हातात तसाच. म्हटलं चार्जरचं काहीतरी आहे, पण चार्जरवर रेंडर तर सहा-सहा तास चालतात. मग वहीत लिहायला लागलो, तारीख, चार्जर होय की नाही, पडला की नाही. नऊ दिवसांत चित्र स्वच्छ झालं: बॅटरीवर सुरू केला तर कधीच नाही, चार्जरवर सुरू केला तर साधारण दोनातून एकदा. वही ही फार दुर्लक्षित वस्तू आहे, सांगून ठेवतो.

आता टास्क शेड्युलर. थ्रॉटलस्टॉप विंडोजसोबत उठावा म्हणून आपण टास्क शेड्युलरमध्ये एक टास्क बनवतो, लॉग ऑन झालं की हा प्रोग्रॅम चालव, हायेस्ट प्रिव्हिलेजेसने. बहुतेक जण जनरल, ट्रिगर्स, अॅक्शन्स हे तीन टॅब भरतात आणि ओके करतात. कंडिशन्स नावाचा चौथा टॅब उघडून पाहा. तिथे तुम्ही काहीही न करता एक टिक आधीपासून लावलेली असते, "कॉम्प्युटर एसी पॉवरवर असेल तरच टास्क सुरू करा", आणि तिच्या खाली दुसरी, "बॅटरीवर गेला तर थांबवा". म्हणजे बॅटरीवर सुरू केला की थ्रॉटलस्टॉप उठतच नव्हता, प्रोसेसर कंपनीच्या व्होल्टेजवर, म्हणून पडत नव्हता. चार्जरवर सुरू केला की टास्क उठायचा, मायनस १२५ लिहायचा, आणि मग पडायचा. दीड महिन्याचं कोडं दोन टिकांमध्ये. त्याच्याच शेजारच्या सेटिंग्ज टॅबमध्ये "तीन दिवसांपेक्षा जास्त चालला तर टास्क थांबवा" अशीही एक टिक असते, जे लोक लॅपटॉप बंद न करता नुसता झोपवतात त्यांचं अंडरव्होल्ट चौथ्या दिवशी गुपचूप गायब होतं ते हिच्यामुळे. प्रोग्रॅम बंद झाला तरी लिहिलेला आकडा तसाच राहतो, पण स्लीपमध्ये तो पुसला जाऊ शकतो आणि उठल्यावर परत लिहायला कोणी नसतं.

बरं, टिका काढल्याने प्रॉब्लेम सुटतो का? माझा वाढला असता, कारण मग बॅटरीवर पण पडला असता. खरं दुखणं मायनस १२५ हेच होतं, टिकांनी ते फक्त अधूनमधूनचं करून ठेवलं होतं.

पुरावा हवा असेल तर इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्ज, त्यात सिस्टम. लोक तिथे कर्नल-पॉवर ४१ बघतात आणि त्याच्या मागे लागतात, त्याचा अर्थ फक्त मशीन नीट बंद न होता बंद पडलं एवढाच, ते तर आपल्याला माहीतच आहे, समोर बसून बघितलंय. शोधायचं ते डब्ल्यूएचईए-लॉगर, इव्हेंट १९. पिवळ्या त्रिकोणातला वॉर्निंग असतो, लाल नसतो म्हणून नजरेतून सुटतो. आत लिहिलेलं असतं की हार्डवेअरची एक चूक झाली आणि ती दुरुस्त केली गेली, घटक प्रोसेसर कोअर, प्रकार इंटर्नल पॅरिटी एरर. माझ्याकडे असे अकरा सापडले, आणि त्यातले चार तर मशीन पहिल्यांदा पडलं त्याच्या आधीच्या आठवड्यातले. म्हणजे प्रोसेसर आधी कुरकुरत होता, स्वतःच्या चुका स्वतः सावरून घेत होता, मला ऐकूच आलं नाही. अंडरव्होल्ट केलेल्या मशीनवर इव्हेंट १९ दिसला की दुसरा काही विचार करू नका, दहा-पंधरा मिलिव्होल्ट परत द्या.

आता तो उलटा तर्क. स्ट्रेस टेस्टमध्ये पास आणि लॉगिनला नापास, असं का? सगळे सहा कोअर पूर्ण लोडवर चालवले की ४५ वॅटची मर्यादा लागते आणि माझं मशीन ३.१ गिगाहर्ट्झच्या आसपास येऊन बसतं, तापमान वाढलं तर अजून खाली. म्हणजे अर्धा तास मी तपासलं काय, तर ३.१ ला हे व्होल्टेज पुरतं का एवढंच. ४.१ ला पुरतं का हे तपासलंच नाही, कारण तिथे तो गेलाच नाही. ४.१ ला तो कधी जातो? जेव्हा एखाददुसराच कोअर कामाला असतो आणि मशीन थंड असतं. लॉगिन म्हणजे नेमकं तेच: रात्रभर बंद असलेला गार प्रोसेसर, आणि एकामागोमाग उठणारे दहा-वीस छोटे प्रोग्रॅम, प्रत्येक जण अर्ध्या सेकंदासाठी एका कोअरला थेट वरच्या टोकाला पळवतो आणि सोडून देतो. ८०० मेगाहर्ट्झवरून ४१०० वर आणि परत खाली, दर क्षणाला. आणि ऑफसेट, म्हणजे आपण कमी केलेलं व्होल्टेज, हा सगळ्या पट्टीवर सारखाच कापला जातो, वरच्या टोकाला १२५ आणि खालच्या टोकाला पण १२५, जिथे मुळातच ०.६-०.७ व्होल्ट असतात. म्हणून दोन ठिकाणं कच्ची, एक सगळ्यात वरचं टोक, दुसरं नुसतं बसून असतानाचं. रेंडरमध्ये दणकट आणि ब्राउजर उघडा ठेवून जेवायला गेलं की गोठलेला, अशी तक्रार असलेले बरेच जण याच आजाराचे असतात.

मग उपाय काय केला. सगळ्यात आधी कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शन्समधून फास्ट स्टार्टअप बंद केलं. ते चालू असलं की शटडाउन म्हणजे खरं शटडाउन नसतं, विंडोजचा गाभा हायबरनेट होऊन डिस्कवर जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो, तपासणीच्या काळात प्रत्येक सुरुवात कोरी हवी. मग ऑफसेट मायनस ५० वर आणला, कोअर आणि कॅश दोन्ही, आणि तीन दिवस तसाच ठेवला. मग दहादहाने खाली. प्रत्येक पायरीला स्ट्रेस टेस्ट दहाच मिनिटं, पण त्यासोबत गार मशीनवरून पाच वेळा पूर्ण बंद करून सुरू करणं आणि अर्धा तास नुसतं सोडून देणं, आणि मग इव्हेंट व्ह्यूअर. कंटाळवाणं आहे, मान्य. मायनस ११० ला एक इव्हेंट १९ आला, पडला नाही पण आला. मी मायनस १०० टाकलं. (टाकल्यावर ते ९९.६ असं दिसेल, घाबरू नका, हा आकडा व्होल्टच्या १०२४ व्या भागाच्या पायऱ्यांनी सरकतो म्हणून नेमके १०० बसत नाहीत.)

वर अजून एक केलं ते मला जास्त शहाणपणाचं वाटतं. थ्रॉटलस्टॉपच्या एफआयव्हीआर खिडकीत (जिथे व्होल्टेजचे आकडे टाकतात तीच) टर्बो रेशो लिमिट असतात, एक कोअर चालू असताना ४१, म्हणजे ४.१ गिगाहर्ट्झ, सहाही असताना ३९ असे. मी सगळे ३९ वर आणून ठेवले. रेंडरमध्ये तो तसाही ३.१ च्या वर टिकत नाही, म्हणजे मी गमावलं काहीच नाही, आणि जिथे तो धडपडत होता ते सगळ्यात वरचं टोकच कापलं गेलं. माझ्या मते दहा मिलिव्होल्ट अजून कसे ओढता येतील यापेक्षा वरचे दोनशे मेगाहर्ट्झ सोडून देणं कधीही परवडलं, पण लोकांना आकड्यांच्या स्पर्धेत मजा येते, कोणीतरी मायनस १६० टाकलं की दुसऱ्याला १७० पाहिजे. दोघांची चिप वेगळी आहे हे कोण सांगणार. माझ्या भाच्याकडे हाच प्रोसेसर आहे, त्याचा मायनस १४० वर वर्षभर सुखाने चालतोय, त्याचं नशीब.

आता समजा तुम्ही आत्ता अडकलेले आहात, लॉगिन केलं की पडतो, परत लॉगिन केलं की परत पडतो, आणि सेटिंग बदलायला वेळच मिळत नाही. मशीन गेलेलं नाही. पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून पूर्ण बंद करा, आकडा पुसला गेला. आता प्रश्न एवढाच की लॉगिन झाल्यावर टास्क परत तो लिहू नये. चार्जर काढून बॅटरीवर सुरू करून बघा, टिका हलवल्या नसतील तर टास्क उठणारच नाही, ज्या टिकांना मी शिव्या दिल्या त्याच इथे जीव वाचवतात. ते नाही जमलं तर लॉगिनच्या स्क्रीनवर शिफ्ट दाबून धरून रिस्टार्ट, मग ट्रबलशूट, अॅडव्हान्स्ड, स्टार्टअप सेटिंग्ज, आणि चार नंबर, सेफ मोड. सेफ मोडमध्ये हे टास्क चालत नाहीत. तिथे जाऊन थ्रॉटलस्टॉपच्या फोल्डरमधली डॉट आयएनआय फाइल डिलीट करा किंवा नाव बदला, सगळे आकडे त्याच फाइलमध्ये असतात. एक सूचना: डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर या वाटेने जाताना बिटलॉकरची ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते, ती बहुतेक वेळा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर सेव्ह असते, अंडरव्होल्ट करायच्या आधीच ती कुठेतरी लिहून ठेवा, नंतर मोबाइलवर पासवर्ड आठवत बसण्यापेक्षा. अपवाद एकच, ज्यांच्या बायोसमध्येच (विंडोजच्याही आधी चालणारं मदरबोर्डचं सॉफ्टवेअर) अंडरव्होल्टचा पर्याय आहे आणि तिथूनच केलंय, त्यांचा आकडा बंद करून पुसला जात नाही, त्यांना बायोसमध्ये जाऊन डिफॉल्ट लोड करावं लागेल.

आणि टास्कच्या ट्रिगरमध्ये "डिले टास्क फॉर" म्हणून एक खाना आहे, तिथे एक मिनिट टाकून ठेवा. एक तर लॉगिनची गर्दी ओसरते, दुसरं म्हणजे काही बिघडलंच तर टास्क बंद करायला तुमच्या हातात एक मिनिट असतं. पण डिले टाकल्यावर पडायचा थांबला म्हणजे बरा झाला असं समजू नका, ताप उतरला म्हणून मलेरिया जात नाही.

दुसरी जात, सॉफ्टवेअर उठतच नाही. टास्क शेड्युलरमध्ये आपल्या टास्कच्या ओळीत "लास्ट रन रिझल्ट" असा रकाना असतो, उजवीकडे सरकवल्याशिवाय दिसत नाही. तिथला कोड सगळं सांगतो, पुढचं शून्य-एक्स सोडून वाचा. ४१३०१ म्हणजे टास्क आत्ता चालू आहे, हाच दिसायला हवा, लोक याला एरर समजून घाबरतात. ४१३०३ म्हणजे एकदाही चाललेलाच नाही, म्हणजे ट्रिगर किंवा ती एसीवाली टिक बघा. ८००७०००२ म्हणजे फाइल सापडली नाही: तुम्ही झिप डाउनलोड्समध्येच उघडली, टास्क तिथून लावला आणि महिन्याने डाउनलोड्स साफ केलं, किंवा नवीन व्हर्जन नव्या फोल्डरमध्ये टाकलं आणि टास्क जुन्याच पत्त्यावर पत्र टाकतोय. ८००७०२ई४ म्हणजे अॅडमिनची परवानगी लागते, जनरल टॅबमधली हायेस्ट प्रिव्हिलेजेसची टिक राहिली. प्रोग्रॅम सी ड्राइव्हवर स्वतःच्या साध्या फोल्डरमध्ये ठेवा, प्रोग्रॅम फाइल्समध्ये नको, तिथे आयएनआय फाइल लिहायला अडचण येते आणि मग प्रोग्रॅम उठतो पण रिकाम्या हाताने. इंटेलचं एक्सटीयू, म्हणजे त्यांचं स्वतःचं असंच सॉफ्टवेअर, आधी वापरलं असेल तर ते काढून टाका, त्याची सर्व्हिस विंडोजसोबत उठते आणि स्वतःचे आकडे लिहिते, दोन सुतार एकाच दाराला बिजागरी बसवत असल्यासारखं होतं.

तिसरी जात सगळ्यात वैतागवाणी. प्रोग्रॅम उठलाय, तुम्ही मायनस १०० टाकलंय, ओके दाबलंय, आणि तापमान तसंच. एफआयव्हीआर खिडकीत उजवीकडे वर एक छोटा तक्ता असतो, त्यात ऑफसेटचा रकाना. तुम्ही डावीकडे सरकपट्टीने काय मागितलंय ते महत्त्वाचं नाही, या तक्त्यात प्रोसेसरने परत काय सांगितलं ते महत्त्वाचं. तिथे ०.००००च दिसत असेल किंवा कुठे लॉक्ड असं लिहून आलं असेल तर तुमचं म्हणणं वरपर्यंत पोचलेलंच नाही.

याची कारणं दोन. एक विंडोजचं. विंडोज ११ मध्ये कोअर आयसोलेशनखाली मेमरी इंटिग्रिटी म्हणून सोय आहे, ती चालू असली की विंडोज स्वतःच एका हायपरव्हायजरच्या (प्रोसेसर आणि विंडोजच्या मध्ये बसणारा पहारेकरी थर) वर चालतं आणि तो हायपरव्हायजर असल्या रजिस्टरला कोणाला हात लावू देत नाही. लिनक्ससाठी डब्ल्यूएसएल टाकलं, अँड्रॉइडचा इम्युलेटर टाकला, हायपर-व्ही किंवा सँडबॉक्स चालू केलं, तरी तेच होऊ शकतं, आणि माणसाच्या लक्षात येत नाही की कालपर्यंत चाललेलं अंडरव्होल्ट आज का चालेना. सिस्टम इन्फर्मेशन उघडून सगळ्यात खाली व्हर्च्युअलायझेशन-बेस्ड सिक्युरिटी पाहा, समोर "रनिंग" असेल तर चोर सापडला. जुन्या व्हर्जनच्या ड्रायव्हरवर तर सुरू होतानाच खिडकी येते की हा ड्रायव्हर या डिव्हाइसवर लोड होऊ शकत नाही. विनरिंगझीरो नावाचा जो जुना ड्रायव्हर अशी बरीच सॉफ्टवेअर वापरायची त्यात खरोखरच भोक आहे, २०२० मध्येच त्याची सुरक्षा-त्रुटी म्हणून नोंद झाली आणि २०२५ पासून विंडोजचा अँटिव्हायरस डिफेंडर त्याला पकडायला लागला, त्यामुळे ती सूचना खोटी नाही. अशा वेळी डिफेंडर बंद करू नका, नवीन व्हर्जन घ्या.

मेमरी इंटिग्रिटी बंद करायची का? बंद केली की अंडरव्होल्ट चालतं, हे खरं. मी केली, कारण या मशीनवर व्हिडिओ सोडून काही नाही, बँकेचं सगळं मोबाइलवर. पण बायकोच्या लॅपटॉपवर, जिथे तिच्या ऑफिसच्या फाइली आहेत, मी हात लावला नाही. तिथे पॉवर प्लॅनमध्ये मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट १०० चं ९९ केलं, त्याने टर्बोच बंद होतो, स्पीड जातो पण गरम होत नाही, आणि एक्सेलला टर्बो लागतो कशाला.

दुसरं कारण बायोसचं, आणि त्यामागे एक गोष्ट आहे. डिसेंबर २०१९ मध्ये बर्मिंगहॅम, ग्राझ आणि ल्यूव्हेन इथल्या विद्यापीठांतल्या संशोधकांनी प्लंडरव्होल्ट नावाचा हल्ला जाहीर केला. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये एसजीएक्स म्हणून एक तिजोरी असते, तिच्यात गुप्त किल्ल्यांची गणितं चालतात. यांनी काय केलं, ते गणित चालू असताना नेमक्या क्षणी व्होल्टेज एवढं खाली ओढलं की उत्तर थोडं चुकावं पण मशीन पडू नये, आणि त्या चुकलेल्या उत्तरावरून किल्ली काढली. म्हणजे माझा प्रोसेसर सकाळी ज्या चुका करत होता त्याच, फक्त मुद्दाम करवलेल्या. त्यावर इंटेलने मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतलं सॉफ्टवेअर) आणि बायोसमधून ही वाट बंद करायची सोय दिली, आणि बऱ्याच लॅपटॉप कंपन्यांनी पुढच्या बायोस अपडेटमध्ये ती सरसकट बंद करून टाकली. पुढच्या पिढ्यांचे बरेच लॅपटॉप तर कारखान्यातूनच बंद येतात. अडचण अशी की बायोस अपडेट हल्ली बऱ्याचदा विंडोज अपडेटमधूनच येतो, रात्री आपोआप, आणि सकाळी ऑफसेट शून्य. काही मशीनवर जुना बायोस परत टाकता येतो, काहींवर कंपनीने ती वाट पण बुजवलेली असते, आणि जबरदस्तीने टाकायला जाऊन बोर्ड विटेसारखा पडलेला मी एका मित्राकडे पाहिलाय. दहा डिग्रीसाठी तेवढी जोखीम मी तरी घेणार नाही. टर्बो रेशो कमी करा, पॉवर लिमिट ४५ चं ३५ करा, बहुतेक मशीनवर एवढं उघडं असतं आणि उन्हाळा निघतो.

लिनक्सवाल्यांसाठी थोडक्यात, कारण मी तिथे फक्त भाच्याच्या मशीनवर हात मारलाय. इंटेल-अंडरव्होल्ट किंवा तसलंच टूल सिस्टमडीच्या सर्व्हिसमधून चालतं. "ऑपरेशन नॉट परमिटेड" आलं तर आधी सिक्युअर बूट बघा, ते चालू असलं की कर्नल लॉकडाउनमध्ये जातो आणि रजिस्टरवर लिहू देत नाही. आणि ही सर्व्हिस लॉगिनच्याही आधी चालते, त्यामुळे आकडा चुकला तर लॉगिनची स्क्रीन पण दिसत नाही. ग्रबमध्ये कर्नलच्या ओळीच्या शेवटी सिस्टमडी डॉट मास्क बरोबर त्या सर्व्हिसचं पूर्ण नाव असं लिहून बूट केलं की तेवढ्या वेळापुरती ती सर्व्हिस उठत नाही.

माझं आत्ता असं आहे: कोअर आणि कॅश मायनस ९९.६, रेशो सगळे ३९, कंडिशन्समधल्या दोन्ही टिका काढलेल्या, तीन दिवसांची पण काढलेली, डिले एक मिनिट. एक्केचाळीस दिवस झाले, वहीत एकही फुली नाही, इव्हेंट १९ शून्य. रेंडरला ८८-८९ पर्यंत जातो, मायनस १२५ च्या वेळी ८६ होता, ते दोन-तीन डिग्री मी देऊन टाकले. दुकानदाराने परवा रस्त्यात विचारलं लॅपटॉपचं काय झालं म्हणून, मी म्हटलं चालू आहे, तर म्हणे बघा हं, मदरबोर्ड आहे, कधीही जाईल.